ओटारने सांगितलं, राजाने लिहून घेतलं

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत नव्याने आलेल्या माणसाला कुणी ना कुणी लवकरच बजावतं, की सामी माणसाला, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशाला, त्याच्याकडे रेनडिअर किती आहेत हे विचारायचं नाही. मला ते आमच्या ऑफिसातल्या सामी सहकारिणीने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. "तुझ्या बँकेत किती पैसे आहेत, असं मी तुला विचारीन का?" एवढंच म्हणाली आणि तपकिरी चीज लावलेला पाव खात राहिली. मला ते मनापासून आवडलं. पहिल्याच भेटीत पगार किती, जमीन किती, भाव काय मिळाला, हे विचारणाऱ्या आपल्या लोकांवर मी लहानपणापासून वैतागत आले आहे.

पुढे काळोखाच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य, सूर्य उगवतच नाही तेव्हा, ओटारचं कथन वाचायला घेतलं आणि दचकलेच. हा याच किनाऱ्यावरचा माणूस, साधारण ८९० सालचा. तो एका परक्या राजाला आपले रेनडिअर मोजून सांगतो: ६०० माणसाळलेले, एकही विकलेला नाही. त्यांतले सहा तर खास, रानटी रेनडिअरांना भुलवून आणायला शिकवलेले. गुरं मात्र वीसच, मेंढ्या वीस, डुकरं वीस. जी थोडी जमीन नांगरतो ती घोड्यांनी.

ओटार हालोगालानचा, म्हणजे आजच्या उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा. घर नेमकं कुठे होतं यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण बरेच जण ट्रॉम्सो आणि मालांगेनच्या आसपास बोट ठेवतात. इथल्या लोकांनी तर तो आपलाच धरला आहे. संग्रहालयाचं नियतकालिकही त्याच्याच नावाने निघतं. तो म्हणतो, सगळ्या नॉर्वेजियनांमध्ये सर्वांत उत्तरेला मी राहतो. आणि ज्याला हे सांगतो तो वेसेक्सचा, म्हणजे दक्षिण इंग्लंडातल्या राज्याचा, आल्फ्रेड राजा, कारकीर्द ८७१ ते ८९९. या राजाचं अर्धं आयुष्य उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांशी लढण्यात गेलं, तरीही त्याने एका उत्तरेच्या माणसाला दरबारात बोलतं केलं. ओरोसिअस या जुन्या ख्रिस्ती इतिहासकाराच्या लॅटिन इतिहासाचं त्या काळी इंग्रजी भाषांतर झालं, त्याच्या भूगोलाच्या भागात ओटारचं बोलणं घातलं गेलं. मजकूर जेमतेम काही पानांचा, पण आर्क्टिकच्या सागरी प्रवासाचं इतकं जुनं आणि इतकं सरळ कथन दुसरं मला तरी माहीत नाही.

आपण निघालो का, हेही त्याने सांगितलंय. ही जमीन उत्तरेला कुठवर जाते आणि ओसाड मुलखापलीकडे कुणी राहतं का, हे त्याला पाहायचं होतं. शिवाय वॉलरस हवे होते, कारण त्यांच्या सुळ्यांचं हस्तिदंत उत्तम आणि कातड्याचे दोर जहाजाला फार मजबूत. काही सुळे त्याने राजाला नजर केले.

मी ट्रॉम्सोहून पूर्वेला किर्केनेसपर्यंत किनारी बोटीने गेले ती हा मजकूर जवळ ठेवूनच. जाताना उजव्या हाताची जागा धरली, कारण तो सांगतो की पूर्ण वेळ ओसाड जमीन उजवीकडे आणि मोकळा समुद्र डावीकडे होता. तीन दिवसांत तो देवमाशांचे शिकारी जिथवर जातात तिथवर पोचला, आणखी तीन दिवस उत्तरेला गेला. आजची बोट संध्याकाळी ट्रॉम्सो सोडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत नॉर्थ केपजवळच्या होनिंग्सवोगला लागते. बाहेर बघत बसले तर हळूहळू झाडं संपली. मग झुडपं संपली. नंतर फक्त काळसर खडक, वर सपाट माथा, खाली पांढरी फेसाची रेघ. अकराशे वर्षांपूर्वी काही वेगळं दिसत असेल असं वाटत नाही.

तिथे पोचल्यावर त्याचं जे वाक्य आहे, ते मी आल्यागेल्या सगळ्यांना ऐकवत असते. तो म्हणतो, इथे जमीन पूर्वेला वळली, किंवा समुद्र जमिनीत शिरला, यांतलं काय ते मला ठाऊक नाही. पण एवढं ठाऊक आहे की मी तिथे पश्चिमेच्या, जरा उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी थांबलो.

परत वाचा. समोर राजा बसलाय, मोठेपणा मिळवायची इतकी सोन्यासारखी संधी, खोटं ठरवायला तिथे दुसरं कुणी गेलेलं नाही. आणि हा माणूस सांगतो, मला ठाऊक नाही. चार दिवस पूर्वेला गेल्यावर किनारा दक्षिणेला वळतो, तिथेही तेच: जमीन वळली की समुद्र आत आला, ठाऊक नाही, उत्तरेच्या वाऱ्यासाठी मात्र थांबलो. मग पाच दिवस दक्षिणेला, म्हणजे आजच्या रशियातल्या कोला द्वीपकल्पाला वळसा घालून श्वेत समुद्रात. तिथे एक मोठी नदी. पलीकडचा काठ सगळा वसलेला, म्हणून तंटा नको या धास्तीने तो पुढे गेला नाही. तीही धास्ती लपवत नाही. तिथल्या बियार्म लोकांनी त्याला आपल्या आणि भोवतालच्या मुलखाच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्यांबद्दल म्हणतो, त्यांत खरं किती ते मला माहीत नाही, कारण मी स्वतः पाहिलं नाही. सामी आणि बियार्म यांची भाषा जवळजवळ एकच असावी असं 'मला वाटलं', असं म्हणतो.

एक जागा अवघड आहे. आपल्या मुलखात ४८ ते ५० एल (लांबीचं जुनं माप) लांबीचे देवमासे मिळतात आणि सहा जणांत मिळून दोन दिवसांत ६० मारले, असं त्याने म्हटलंय. एवढे प्रचंड मासे सहा जणांनी मारणं शक्य नाही. तो आकडा मुळात वॉलरसचा असावा आणि लिहून घेताना वाक्यं इकडची तिकडे झाली असावीत, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं. दोन वळणांवर 'ठाऊक नाही' म्हणणारा माणूस तिसऱ्या ठिकाणी फुशारकी मारेल, हे मनाला येत नाही.

राग येतो तो 'शोध' म्हणणाऱ्यांचा. इथल्या माहितीफलकांपासून सहलीच्या पत्रकांपर्यंत ओटार हा 'शोध लावणारा'. कुणाचा शोध? कोलाच्या किनाऱ्यावर त्याला टेर सामी, म्हणजे तिथले सामी, भेटले, शिकार करणारे, मासे धरणारे, पक्षी पकडणारे. नदीपलीकडे शेतीवाडी होती. त्याने स्वतः तिथे कोण राहतं हेच सांगितलंय. आणि तो ज्यांच्या जिवावर श्रीमंत होता तेही सांगितलंय: त्याची खरी कमाई सामींकडून मिळणाऱ्या खंडणीची. मोठ्या घरच्या सामीने १५ मार्टेनची (मऊ केसांच्या एका लहान प्राण्याची) कातडी, ५ रेनडिअरांची, एक अस्वलाचं कातडं, १० मापं पिसं, अस्वलाच्या किंवा पाणमांजराच्या कातड्याचा अंगरखा आणि जहाजाचे दोन दोर द्यायचे, प्रत्येक ६० एल लांब, एक देवमाशाच्या कातड्याचा, एक सीलच्या. ६० एलचा दोर कातड्यातून कापून काढायला किती हात लागले असतील, ते मात्र कुणी लिहिलेलं नाही. टेर सामींची भाषा आज जवळजवळ संपली आहे.

इंग्रजांची तर कमाल आहे. १५५३ साली विलोबी आणि चान्सलर यांची जहाजं चीनकडे जायचा ईशान्येचा मार्ग शोधायला निघाली. नॉर्थ केपला ते नाव त्याच मोहिमेत मिळालं. विलोबी आपल्या खलाशांसह कोलाच्या किनाऱ्यावर थंडीत मेला, चान्सलर श्वेत समुद्रातून थेट मॉस्कोला पोचला, आणि इंग्लंडात नव्या वाटेचा गाजावाजा झाला. ती वाट त्यांच्याच भाषेत साडेसहाशे वर्षं लिहून ठेवलेली होती.

आता आमच्याकडचं. मी रेवदंड्याची, चौल म्हणजे शेजार. वाऱ्यासाठी थांबणं काय असतं हे आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ओटार राजाशी बोलला त्यानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी, ९१६ च्या सुमारास, अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन वसलेले हजारो मुसलमान त्याने तिथे पाहिले. ओटारला हालोगालानहून दक्षिण नॉर्वेच्या बाजारापर्यंत जायला रात्री मुक्काम करत महिन्यातही पोचता येत नसे. आमच्या बंदरात त्याच काळी अर्ध्या जगाची माणसं घरं करून राहत होती. इथे जेवणाच्या टेबलावर व्हायकिंग जहाजांचं कौतुक सुरू झालं की मी हे सांगते, आणि सांगतच राहणार.

पण मग सहकारिणीने एकदा विचारलं, "तुमच्याकडच्या त्या काळातल्या एखाद्या खलाशाचं नाव काय?"

नाव नाही. मला एकही माहीत नाही. आपल्या लोकांना लिहायची सवयच नव्हती, असं उत्तर द्यायला सोपं, पण ते खरं नाही. शिलाहारांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा किती काळजीने लिहिल्या आहेत! पूर्वेला काय, पश्चिमेला काय, सगळं. लिहिणारे होते, लिहवून घेणारे होते. तांब्याचे पत्रे टिकले. ताडपत्रावर कुणी काही लिहिलं असेल तर कोकणच्या हवेत ते उरणं कठीण, हेही लक्षात घ्यायला हवं. तरीही तांडेलाला समोर बसवून 'कुठला वारा, किती दिवस, पलीकडे कोण राहतं' असं विचारणारा कुणी दिसत नाही. माहिती तांडेलाकडे होतीच, नाहीतर ओमानची जहाजं काय आपोआप चौलला लागत होती? ओटारही लिहिणारा नव्हताच. त्याला कुणीतरी विचारलं, एवढाच फरक. आणि बियार्म लोकांनी सांगितलेल्या गोष्टी ओटारने न पाहिल्यामुळे बाजूला ठेवल्या, त्याही गेल्याच. त्याच्या प्रामाणिकपणाचं मला इतकं कौतुक आहे, तरी त्या गोष्टी त्याने सांगायला हव्या होत्या असं वाटतं.

गेल्या रविवारी बाबांना फोनवर म्हटलं, आपल्या कोळीवाड्यातले ते म्हातारे तांडेलकाका, शिडाच्या होडीवर गेलेले, त्यांच्याकडे जाऊन मोबाइलवर आवाज भरून घ्या. प्रश्न मी पाठवले आहेत: शिडावर असताना कुठवर गेलात, कुठल्या वाऱ्याला थांबलात, किनारा दिसेनासा झाला की कशावरून ओळखलंत, पलीकडच्या बंदरात कोण भेटलं. "अगं, ते खूप फेकतात हं," बाबा म्हणाले. मी म्हटलं, फेकू देत, सगळं भरून घ्या. फक्त प्रत्येक गोष्टीनंतर त्यांना विचारा, काका, हे तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत?