टर्बोला आठ नंबरचे प्लग आणि ऑइलला पेट्रोलचा वास

तक्रारी दोन होत्या. फुल बूस्टवर (टर्बो हवा दाबून भरतो तो दाब) साडेचार हजार आरपीएमच्या पुढे गाडी मिसिंग करते, म्हणजे मधेमधे ठिणगी चुकते. आणि इंजिन तापलं की टॅपेट वाजतात, ऑइल प्रेशर पडतं. गाडी १९९० च्या दशकातली मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन. इंजिन ४जी६३, दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो, बूस्ट फॅक्टरीपेक्षा वाढवलेला. मालकाच्या लेखी हे दोन वेगळे बिघाड. मिसिंगसाठी कॉइल बदलून झाल्या होत्या आणि प्रेशरसाठी १०डब्ल्यू-६० हे दाट ऑइल टाकून हवं होतं.

आधी डिपस्टिक काढली. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर. मधे कुणी टॉप-अप केलेलं नव्हतं. जुन्या टर्बोत ऑइल कमी होतं, वाढत नाही. दोन बोटांत चोळून हुंगलं तर पेट्रोलचा स्पष्ट वास. दुधी रंग नव्हता, म्हणजे कूलंटचा संशय मिटला. तेवढ्यावरून दोन्ही तक्रारींची मुळं एकाच जागी असावीत असं वाटू लागलं आणि प्लग काढायला घेतले.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना थ्रेड सोलून येतात. प्लगच्या विहिरीत हवा मारून कचरा उडवला, मगच पाना लावला. चारही प्लग कोरड्या काजळीने काळे. मधलं टोक आणि बाजूची पट्टी यांच्यात फिलर गेज घातली तर गॅप १.१ मिलिमीटर, दोन प्लगना तर १.३. त्या दोघांची बाजूची पट्टी मधल्या टोकासमोर कुरतडल्यासारखी झिजलेली.

ती झीज अशी का, हे या इंजिनाच्या इग्निशनमध्ये आहे. इथे कॉइल दोनच. एक कॉइल १ आणि ४ नंबरला, दुसरी २ आणि ३ नंबरला एकदम ठिणगी देते. जोडीतल्या एका प्लगमध्ये ठिणगी मधल्या इलेक्ट्रोडकडून पट्टीकडे जाते, दुसऱ्यात उलट. बसवलेले प्लग बारीक टोकाचे इरिडियम होते, पण पट्टीवर प्लॅटिनमचा तुकडा नव्हता. उलट्या ठिणगीच्या प्लगमध्ये साधी पट्टी मार खात होती. अशा इंजिनाला महागडे प्लग घालायचेच असतील तर दोन्ही बाजूंना मौल्यवान धातू असलेले घ्या. नाहीतर साधे निकेलचे बरे.

आता नंबर. बसवलेल्या बॉशच्या प्लगवर ८ होता आणि मालकाला तो ७ पेक्षा ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, वाटत होता. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशचा क्रम उलटा आहे, तिथे आकडा वाढला की प्लग गरम. बॉशचा ८ म्हणजे साधारण एनजीकेचा ५. बूस्ट वाढवलेल्या इंजिनात मूळ ६ च्या जागी ७ हवा होता, तिथे ५ जाऊन बसला होता. भिंगाखाली तिसऱ्या नंबरच्या पोर्सेलिनवर बारीक चंदेरी ठिपके दिसले. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. म्हणजे नॉकिंग (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं) सुरू झालं होतं, आणि गाडी आणखी तशीच पळवली असती तर पिस्टन गेला असता.

मग प्लग गरम असून काळे कसे? प्लग काळा दिसला की बरेच जण ‘अजून गरम घाला’ म्हणतात. काजळी मिश्रणाबद्दल सांगते. उष्णतेचा अंदाज पट्टीवरच्या रंग बदलाच्या रेषेवरून घ्यायचा. ती रेषा पट्टीच्या वळणाच्या आसपास हवी. इथे पट्टी पार मुळापर्यंत रंगलेली होती. मिश्रणात पेट्रोल जास्त होण्याचं कारण मालकाने बोलता बोलता सांगितलं. एक्झॉस्टवरून मिश्रण सांगणारा वाइडबँड मीटर बूस्टवर ‘लीन’ (पेट्रोल कमी) दाखवत होता, म्हणून इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या मॅपमध्ये पेट्रोल वाढवलं होतं. मीटर फक्त ऑक्सिजन मोजतो. ठिणगी चुकली की न जळलेली हवा तशीच एक्झॉस्टमध्ये जाते आणि मीटर लीन म्हणतो. बूस्टमध्ये दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, १.१ च्या गॅपवर कॉइल कमी पडते. म्हणून मिसिंग, म्हणून खोटं लीन, म्हणून जादा पेट्रोल, आणि ते पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये.

कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडून तपासलं. चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांत. बोअरस्कोपमध्ये पिस्टनच्या कडा शाबूत. जुना ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. बेअरिंगची तांबूस चमक नाही. नशीब.

नवे प्लग बीपीआर७ईएस. यातला ‘आर’ रेझिस्टरचा, तो सोडायचा नाही, नाहीतर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) इलेक्ट्रिकल गोंधळ ऐकू येतो. गॅप ०.६, फक्त पट्टी वाकवून; मधल्या टोकावर जोर द्यायचा नाही. हाताने पूर्ण बसवून मग टॉर्क रेंचने २५ न्यूटन-मीटर, थ्रेड कोरडे. अँटी-सीझ लावलं तर तोच टॉर्क थ्रेडला जास्त ताणतो. निकेल प्लग लवकर झिजतात. १०,००० किलोमीटरला गॅप तपासायची आणि गरज वाटली तर बदलायचे.

ऑइलबद्दल थोडी वादावादी झाली. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ६० चा २१.९ च्या पुढे. पेट्रोल मिसळून पातळ झालेल्या ऑइलवर ६० हा इलाज नव्हे. प्रेशर गेजची सुई वर जाते खरी, पण दाट ऑइलने रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि बेअरिंगला प्रवाह कमी मिळतो. थंड स्टार्टला टॅपेटची फट ऑइलच्या दाबाने भरून काढणारे हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर भरायलाही उशीर, म्हणजे टॅपेट आणखी वाजणार. घातलं ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, एसीईए या युरोपीय मानकाच्या ए३/बी४ वर्गातलं. या वर्गात गरम असताना, घासणीच्या ताणाखालीही किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद दाटपणा टिकावा अशी अट आहे, आणि टर्बोच्या बेअरिंगला तोच लागतो. झीज रोखणाऱ्या झिंक-फॉस्फरसची वेगळी बाटली नाही. या इंजिनाचे रॉकर रोलरचे आहेत, सपाट टॅपेटवाल्या जुन्या कॅमसारखी त्यांना गरज नाही, आणि जास्तीचा फॉस्फरस कॅटलिटिक कन्व्हर्टर खराब करतो.

पहिलं भरलेलं ऑइल ५०० किलोमीटरला सोडायला सांगितलं, कारण जुनं ऑइल पूर्ण निथळत नाही आणि उरलेलं पेट्रोल नव्यातही उतरतं. टॅपेटचा आवाज पहिल्या दिवशी होताच. आयडलपासून ३,००० आरपीएमपर्यंत हळूहळू चढवत-उतरवत काही वेळा चालवल्यावर अ‍ॅडजस्टरमधली हवा निघून गेली. मॅपमधलं वाढीव पेट्रोल मात्र मिसिंग थांबल्याची खात्री झाल्यावर, ताज्या प्लगवर मीटर पुन्हा वाचूनच कमी करायचं. आधी कमी केलं तर लीन होऊन तिसऱ्या सिलिंडरवर पुन्हा ठिपके दिसतील.