पॅडीला बघितलायस का?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्रिकेटबद्दल बोलण्याचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत. तरी ते आहेत, आणि मोडले की लगेच कळतं. कुणी ओरडत नाही. शेजारचा माणूस जरा सरकून बसतो, आणि विषय तुमच्या डोक्यावरून पलीकडच्याकडे जातो. मग तुम्ही कितीही मुद्द्याचं बोला, त्या संध्याकाळपुरते तुम्ही बाद.

आल्या आल्या मत द्यायचं नाही, हा त्यातला सगळ्यात जुना. काही संध्याकाळी नुसतं ऐकायचं. मग कधीतरी एखादे काका मान न वळवता विचारतात, "खेळलायस का कधी?" इथे फुशारकी चालत नाही, कारण पुढचा प्रश्न "कुठल्या क्लबकडून?" असतो आणि त्यापुढचा "तेव्हा तिकडे कीपर कोण होता रे?" गल्लीत खेळलो, एक टप्पा आऊट, असं सरळ सांगून टाकावं. कट्ट्यावरचे निम्मे लोक तेवढंच खेळलेले आहेत. तेवढ्या भांडवलावर ते तीस-तीस वर्षं भारताचा संघ निवडत आले आहेत.

यानंतर खरी परीक्षा येते. "पॅडीला बघितलायस का?"

पॅडी म्हणजे पद्माकर शिवलकर. डावखुरा फिरकी गोलंदाज, याच मैदानावरच्या जिमखान्याचा. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी सामने शून्य. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईला जाऊन त्याने तामिळनाडूचे एका डावात १६ धावांत आठ गडी काढले आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच. तरी भारताची टोपी मिळाली नाही, कारण त्याच काळात त्याच हाताने बिशनसिंग बेदी गोलंदाजी करत होता. हरियाणाच्या राजिंदर गोयलचंही तेच झालं. रणजीत ६३७ बळी, आणि कसोटी एकही नाही.

शिवलकरच्या बाजूने बोलणं हे कट्ट्यावरचं पहिलं व्रत. पण त्याला एक पोटनियम आहे, तो नव्या माणसाला माहीत नसतो. शिवलकरला मोठं करताना बेदीला लहान करायचं नाही. एका उत्साही पोराने एकदा तो प्रयोग केला. बेदीला म्हणे नशीब आणि कप्तानी दोन्ही लाभले. त्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका शांतपणे म्हणाले, "बेदी साधा होता म्हणालास तर निवड समिती मूर्ख ठरली. मूर्खांनी वगळलेला माणूस काय, कुणीही असू शकतो. पॅडी बेदीमुळे राहिला, हे म्हण. त्यात त्याची किंमत आहे." पोरगा हुशार होता, गप्प बसला. दोन आठवड्यांनी तोच हा मुद्दा दुसऱ्या कुणाला ऐकवत होता, स्वतःचा असल्यासारखा. हेही चालतं. कट्ट्यावर मुद्द्याला मालक नसतो.

बघितलेल्याला मान जास्त, हे उघड आहे. त्याच्याखाली रेडिओवर ऐकलेला, त्याच्याखाली पेपरात वाचलेला, आणि अगदी तळाशी मोबाइलवर चित्रफीत पाहून आलेला. पण बघणाऱ्याच्या आठवणी दरवर्षी थोड्या फुगतात. षटकार पहिल्यांदा सांगितला तेव्हा सीमारेषेबाहेर पडलेला असतो, दहा वर्षांनी तो रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीच्या गॅलरीत जातो. याला कुणी हरकत घेत नाही. षटकाराच्या लांबीत सूट आहे, धावसंख्येत नाही. "तेव्हा सुनील नव्वदला होता" म्हणालात आणि तो ब्याऐंशीला असला, तर मात्र तुमची सगळी साक्ष गेली.

आता आकडे. खिशातल्या फोनमुळे ते एका मिनिटात निघतात, आणि आकडा वाचून दाखवला की वाद मिटला असं तरुण मंडळींना वाटतं. त्यांच्यासाठी आमच्याकडे एक ठेवणीतला सामना आहे. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्याच विश्वचषकातला पहिलाच दिवस. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या. भारताने ६० षटकांत ३ बाद १३२. त्यात गावसकर सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद, १७४ चेंडूंत ३६. घ्या आकडा. यात चूक शोधून दाखवा. आणि आता सांगा, का?

पन्नास वर्षं झाली, उत्तर चालूच आहे. कुणी म्हणतो, धावा आवाक्याबाहेर होत्या, मग बाद कशाला व्हायचं, सराव केला. कुणी म्हणतो, संघनिवडीवरून तो चिडला होता. कुणाच्या मते त्याला त्या दिवशी बॅटच लागत नव्हती, आणि बाद व्हायचा प्रयत्न करूनही तो बाद होईना, एवढं त्याचं तंत्र पक्कं! शेवटचं स्पष्टीकरण अर्थातच कट्टर मुंबईकराचं. मला स्वतःला वाटतं, १९७५ साली एक दिवसाचा सामना म्हणजे काय करायचं हेच आपल्याला उमगलेलं नव्हतं. आपण पहिला तसा सामना खेळून जेमतेम वर्ष झालं होतं. पण माझं मत बाजूला ठेवा. सांगायचं एवढंच की ३६ हा आकडा कुणीच नाकारत नाही, आणि तरी त्यावर अर्धा तास सहज जातो.

पुण्याकडचे पाहुणे आले की भाऊसाहेब निंबाळकर निघतात. ते निघाले नाहीत तर पाहुण्यालाच चुकल्यासारखं होतं. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा त्या वेळचा विश्वविक्रम ४५२ चा. तो मोडायला दहा धावा हव्या होत्या, आणि काठियावाडच्या संघाने सामनाच सोडून दिला. पुढे या माणसाला कसोटी खेळायला मिळाली नाही. यात मुंबईकराने काय करायचं, तर ऐकून घ्यायचं. "मुंबईवाल्यांनी कुणाला येऊ दिलं?" हा आरोप शेवटी येतोच. त्याला उत्तर असलं तरी त्या दिवशी द्यायचं नाही. ४४३ धावा करून घरी बसलेल्या माणसाच्या वतीने कुणी चिडलं असेल तर चिडू द्यावं. विदर्भातून कुणी आला तर मात्र हल्ली आम्हीच सावध असतो. २०२४-२५ च्या रणजी उपांत्य सामन्यात त्यांनी मुंबईला हरवलं आणि पुढे करंडकही नेला. त्याआधीच्या वर्षी अंतिम सामन्यात आपण त्यांना वानखेडेवर हरवलं होतं, हे आम्ही हळूच सांगतो.

पाकिस्तानातल्या मुलतान कसोटीचा विषय मोसमातून एकदाच काढायचा. सचिन नाबाद १९४, द्विशतकाला सहा धावा कमी, आणि कप्तान द्रविडने डाव घोषित केला, मार्च २००४. घरात ज्यांनी त्या दिवशी टीव्ही बंद केला त्यांना अजून ते दुखतं, आणि आपण तो सामना एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला हे सांगितल्याने ते दुखणं कमी होत नाही. दोन्ही बाजू पाठ आहेत, म्हणून एकदाच.

एक नियम बाहेरच्यांना विचित्र वाटेल. समोर मैदानात जे पोरगं खेळत असतं, त्याच्याबद्दल मोठ्याने बोलायचं नाही. शिवाजी पार्कात एकाच वेळी इतके सामने चालतात की एकाचा मिडऑफ दुसऱ्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. कट्ट्यावरचा वाद कुठल्याही शतकातला असो, डोळे मात्र त्यातल्या एखाद्या पोरावर असतात. "डावं कोपर बघ, पार खाली" असं पटकन तोंडातून निघतं. आणि शेजारी डबा घेऊन बसलेला माणूस त्याचा बाप निघतो. आई निघाली तर आणखी कठीण, कारण आयांना कोपराबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. गावसकरला, कोहलीला काय वाटेल ते म्हणा, त्यांना ऐकू येत नाही. बारा वर्षांच्या मुलाला येतं.

समोरचा संघ चांगला खेळला तर ते म्हणायला हवं, याबद्दल आमच्यात मतभेद नाहीत, निदान तोंडी. ३१ जानेवारी १९९९ ला चेन्नईत पाकिस्तानने १२ धावांनी सामना जिंकला. सचिन १३६ वर बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या, आणि उरलेले तीन गडी चार धावांत गेले. पोटात गोळा यावा असा पराभव. त्यानंतर चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या संघाने मैदानाला फेरी मारली. ते चेन्नईचे लोक, आम्ही नव्हे. आमच्याकडे झालं असतं का, हा प्रश्न कधीकधी निघतो. लगेच कुणीतरी चहा सांगतो.

हे सगळे नियम मोडले तरी माणूस दुसऱ्या दिवशी येऊन बसू शकतो. एक मात्र मोडला की बसता येत नाही, आणि येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. खेळाडूला त्याच्या फटक्यासाठी शिव्या घाला, त्याच्या आडनावासाठी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत आपण पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरलो. सगळ्याच गोलंदाजांनी मार खाल्लेला तो सामना होता, पण लोकांनी त्यातून एकट्या मोहम्मद शमीला वेचून काढलं, आणि कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे. विराट कोहलीने नंतर पत्रकार परिषदेत त्याची बाजू ठामपणे घेतली. पुढच्या वर्षी आशिया चषकात अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला आणि तोच खेळ त्याच्याबाबतीत झाला. झेल सुटतात. सुटलेल्या झेलावर रात्रभर बोलता येतं: उजेड कसा होता, पाय कुठे होते, चेंडू कधी दिसला. आडनावावर गेलं की बोलण्यासारखं काहीच उरत नाही.

आपल्याकडच्या क्रिकेटला हा रोग जुना आहे. मुंबईतली मोठी स्पर्धाच मुळी हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन अशा संघांची होती, आणि १९४६ पर्यंत ती चालली. हिंदूंच्या संघाचा सगळ्यात मोठा गोलंदाज पाळवणकर बाळू, जन्माने चांभार. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आलेला. पुण्यात सुरुवातीला त्याचा चेंडू सगळ्यांना चालायचा, चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्याला मिळालं नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, मिळालं ते १९२३ मध्ये, आणि त्या वर्षी हिंदू जिंकले. तेव्हाही मैदानाच्या कडेला लोक बसतच असणार आणि बोलतच असणार. कोण काय म्हणालं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. त्यांच्यातल्या काहींनी तरी "कप्तान बाळूच हवा" असं मोठ्याने म्हटलं असेल, अशी माझी समजूत आहे. समजूतच, पुरावा नाही.

या सगळ्यात बायकांचं क्रिकेट आमच्या कट्ट्यावर फार उशिरा आलं. येतानाही "बायकांच्या मानाने" ही शेपटी लावूनच आलं. ती शेपटी ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, जेमिमा रॉड्रिग्जने कापली. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग आणि आपली मुंबईची पोरगी नाबाद १२७. तीनच दिवसांनी तिथेच दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक आला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर जागा नव्हती. आणि विषय कुठे गेला? अमोल मुजुमदारवर.

जाणारच. १९८८ मध्ये सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली तेव्हा पुढच्या क्रमांकाचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारतासाठी एकही सामना नाही. आता विश्वविजेत्या संघाचा प्रशिक्षक. बँकवाले काका म्हणाले, "फिटलं." दुसरे म्हणाले, "काय फिटलं? कसोटीची टोपी ती टोपी. कपाटात ठेवता येते." तिसऱ्याने २००९ काढलं, मुंबई सोडून तो आसामला गेला ते वर्ष, आणि त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली.

तेवढ्यात सरावाहून परतणारी एक मुलगी, खांद्यावर किटबॅग तशीच, पायरीशी थांबून म्हणाली, "काका, अंतिम सामन्यात ८७ शेफालीने केल्या. सरांनी नाही."

"केल्या ना. दीप्तीने पाच बळीही घेतले," काका म्हणाले. "पण शेफाली मुळात संघात कुठे होती? प्रतिका जखमी झाली म्हणून आली."

"मग प्रतिकाचं बोला," मुलगी म्हणाली.

आणि आम्ही प्रतिका रावलवर आलो. स्पर्धेत ३०८ धावा, मग पाय दुखावला, संघात तिच्या जागी दुसरी. पदकं शेवटच्या पंधरा जणींनाच द्यायची असा नियम, त्यामुळे जल्लोषात ती व्हीलचेअरवर आली ती पदकाशिवाय. नियम तो नियम, असं एक बाजू म्हणाली. ३०८ धावांशिवाय उपांत्य फेरी कुठली, असं दुसरी. मुलीने किटबॅग खाली ठेवली आणि बँकवाल्या काकांना विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूचे?" काका जरा सरकले आणि तिला बसायला जागा करून देत म्हणाले, "आधी तू सांग. तिचे किती सामने बघितलेस?"

"सगळे," ती म्हणाली.