अक्का गेली तेव्हा आम्ही मलावीत होतो

आफ्रिकेतल्या मलावीत, आमच्या घरात फोनला रेंज मिळायची ती फक्त व्हरांड्याच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाजवळ. म्हणून रात्री फोन तिथल्या खिडकीतच ठेवायचो. पहाटे साडेतीनला तो वाजला. नाशिकला तेव्हा सकाळचे सात झाले होते. भाचा म्हणाला, "मावशी, आई गेली गं. झोपेतच. दुपारी चारला माती आहे." जरा थांबून म्हणाला, "तू येऊ नकोस. पोचणार नाहीस, माहीत आहे मला."

तरी मी मनातल्या मनात रस्ता मोजायला लागले. डोंगर उतरून चिटिम्बा, तिथून मझुझू, मग लिलाँग्वे, विमानाने आदिस अबाबा, मुंबई, आणि शेवटी कसारा घाट. सगळं सुरळीत झालं तरी दोन दिवस लागणार. अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर माझी वेणी तिनेच घातली, आणि माझ्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे तिने बांगडी मोडून भरले. तिला मूठभर माती देणं माझ्या नशिबात नव्हतं.

मी 34 वर्षं नर्स होते, हे शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मुलं मार्गी लागली, तेव्हा आम्ही ठरवलं की अंगात जोर आहे तोवर दीड वर्ष प्रभूच्या कामासाठी द्यायचं. मलावीच्या उत्तरेला लिव्हिंगस्टोनिया आहे, तिथे बोलावणं आलं. मी प्रसूती विभागात मदत करायची, यांनी मुलांना गणित शिकवायचं.

लिव्हिंगस्टोनिया म्हणजे खोंडोवेचं पठार. खाली मलावीचं सरोवर, वर सुमारे साडेचार हजार फुटांवर गाव. चिटिम्बाहून वर चढणाऱ्या कच्च्या रस्त्याला गोरोडे म्हणतात. त्यावर वीस वळणं आहेत, तीही अशी की गाडीला एका दमात वळता येत नाही, मागे घेऊन पुन्हा वळावं लागतं. पहिल्या दिवशी पिकअपच्या हौद्यात मक्याच्या पोत्यांवर बसून आम्ही ती चढलो. बाराव्या वळणापर्यंत मी स्तोत्रं म्हणत होते, पुढे नुसते यांचे मनगट धरून बसले. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर अख्खं सरोवर पायाखाली, आणि पलीकडे टांझानियाचे निळे डोंगर. त्या एका दृश्यासाठी मी ती वळणं पुन्हा चढेन.

स्कॉटिश मिशनऱ्यांना ही जागा तिसऱ्या खेपेला सापडली. 1875 साली ते सरोवराच्या दक्षिण टोकाला केप मॅक्लिअरला उतरले, 1881 मध्ये बांडावेला गेले. मलेरियाने माणसं जात राहिली, म्हणून अखेर 1894 मध्ये त्यांच्यातले डॉ. रॉबर्ट लॉज या थंड पठारावर आले. इथल्या चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीत आफ्रिकाभर फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन आहे. मी नाशिकच्या शरणपूर रोडवर वाढलेली. आमच्या शरणपूरला गुलामांच्या गलबतांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना शिकवत, सुतारकाम-लोहारकाम देत, हे घरच्या थोरांकडून ऐकलेलं. त्यांतली काही 1866 साली लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत परतली. त्याच मुलांपैकी जेकब वेनराइट मागाहून, 1872 मध्ये त्याच्याकडे गेला. पुढच्याच वर्षी लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात वारला. त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या या जेकबनेच. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावरही मी त्या खिडकीखाली बराच वेळ बसून राहिले.

पहिले तीन महिने मात्र जड गेले. गोरं माणूस दिसलं की तिथे मिशनरी समजतात, आपण दिसलो की दुकानदार. मझुझूच्या बाजारात मला दोनदा विचारलं, तुमचं दुकान कुठलं? प्रसूती विभागात माझा वरिष्ठ अठ्ठावीस वर्षांचा क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टरची बरीच कामं करणारा, होता. हुशार आणि मायाळू मुलगा. पण मी काही सांगायला तोंड उघडावं तोवर तिथल्या तुंबुका भाषेत सगळं ठरलेलं असे. बाळंतिणींचे नातेवाईक आवारातल्या शेडमध्ये राहून चुलीवर सीमा शिजवत, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मी तिथे जाऊन उभी राहायची आणि हसायची, एवढंच. इतक्या वर्षांची नोकरी आणि हाताला काम नाही. रात्री दिवे गेले की हे आणि मी एकमेकांवर चिडायचो. आयुष्यभर यांची शाळा आणि माझ्या ड्यूट्या. चोवीस तास एका खोलीत राहायची सवय कुणाला होती? निघण्याआधीच्या शिबिरात आम्हाला मलेरियाच्या गोळ्या, पाणी उकळणं, पैशांचा हिशेब, सगळं शिकवलं होतं. मागे घरचं कुणी गेलं तर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही नाही. साठी ओलांडलेल्या जोडप्याला आधी हेच विचारायला हवं.

दोन आठवड्यांसाठी परदेशी तरुणांचे गट येत, त्यांचा मला राग यायचा. पहिल्याच दिवशी दुसऱ्यांच्या लेकरांना कडेवर घेऊन फोटो. एकदा मी एकीला सरळ विचारलं, या बाळाच्या आईचं नाव काय? तिला माहीत नव्हतं. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की शेजारच्या बाईंचं नाव मलाही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं.

त्यांनीच मला भाषा दिली. पहिला शब्द 'येवो'. धन्यवादाला येवो, भेटल्यावर येवो, दारातून येतानाही येवो. वडीलधाऱ्यांसमोर बायका गुडघे मुडपून येवो म्हणतात. मला तो शब्द पाठ करावा लागला नाही.

त्या पहाटे मी पिंपाला टेकून बसले होते. उजाडताना शेजारच्या बाई पाण्याला आल्या. मी एवढंच सांगू शकले, बहीण, मोठी, गेली. त्यांनी बादली तिथेच ठेवली, माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि मोठ्याने एक लांब हाक दिली. पंधरा मिनिटांत व्हरांडा भरला. आमची खोली कुणी झाडली, खाट बाहेर कुणी काढली, चटया कुठून आल्या, मला कळलंच नाही. बायका आत भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या, पुरुष बाहेर शेकोटीभोवती, यांना मध्ये घेऊन. प्रत्येक जण काहीतरी घेऊन येत होतं. ताटभर पीठ, जळण, कोबी. नववीतली एक मुलगी चौकडीच्या वहीत सगळं लिहीत होती.

मी चहा ठेवायला उठले. आलेल्या माणसाला चहासुद्धा नाही म्हणजे काय! दोघींनी हात धरून मला खाली बसवलं. मी पुन्हा उठले, त्यांनी पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा शेजारच्या बाईंनी माझं डोकं सरळ आपल्या मांडीवर घेतलं. त्यांच्या चितेंजेला, कमरेला गुंडाळायच्या त्या कापडाला, धुराचा आणि सुकटीचा वास होता. जन्मभर दुसऱ्यांचं करत आले, नुसतं बसून राहणं मला येत नव्हतं. मांडीवर पडल्यावर मात्र रडू फुटलं. कुणी 'रडू नका' म्हणालं नाही. कुणी काहीच बोललं नाही. मी रडत होते तोवर त्या गुणगुणत होत्या, थांबले की थांबत होत्या.

साडेबारा वाजले. नाशिकला आता चार. मी हे सांगितल्यावर सगळ्या उठून उभ्या राहिल्या. पाळकांनी तुंबुकात प्रार्थना केली आणि मला म्हणाले, तुमच्या भाषेत म्हणा. मी प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. "तुझे राज्य येवो" म्हणाले मात्र, आणि खोलीतून उत्तर आलं, "येवो." दबक्या आवाजात, सगळ्यांचं एकदम. अख्ख्या प्रार्थनेतला तेवढाच शब्द त्यांना कळला होता. मला पुढचं आठवेना. यांनी दारातून ती पूर्ण केली.

त्या बायका दोन रात्री माझ्याजवळ झोपल्या. त्यानंतर मी शेडमधल्या चुलींपाशी नुसती उभी राहिले नाही, जाऊन जमिनीवर बसू लागले. त्यानंतरचे आठ महिने कसे गेले कळलंही नाही. चाळीसेक बाळं माझ्या हातावर आली, यांची मुलं वर्गमूळ काढायला शिकली, गोरोडे दोनदा पावसाने बंद पडला.

निघताना ती चौकडीची वही त्यांनी मला दिली. तिथल्या रीतीप्रमाणे ती दुःख झालेल्या घराची असते, म्हणजे पुढे कुणाच्या घरी काय न्यायचं ते कळतं. नाशिकला आल्यावर भाच्याकडे गेले. अक्काच्या खुर्चीत बसून त्याने ती उघडली. नावं वाचताना तो अडखळत होता, मी उच्चार सांगत होते. नावं इथे देत नाही, ती त्यांची आहेत. पीठ, एक ताट. पीठ, दोन ताटं. रोख 200 क्वाचा. जळण, एक मोळी. मीठ. सतरा पानं त्याने एकही ओळ न गाळता वाचली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, पंपाजवळच्या आजींच्या नावापुढे: अंडी, तीन.