आमोण्याच्या वाटेवरची लाल किनार

आषाढी एकादशीला गोव्यातून विठ्ठलाकडे जाणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. ज्यांना सवड आहे आणि पायांत बळ आहे, ती मंडळी कितीतरी दिवस आधीच घाट चढून पंढरपूरच्या वाटेला लागलेली असतात. ज्यांची लावणी अर्ध्यावर आहे किंवा ज्यांना कचेरीतून रजा मिळत नाही, ते आमच्यासारखे लोक साखळीच्या विठ्ठलापुराला चालत जातात. वाळवंटी नदीच्या काठचे, राणे घराण्याशी जोडलेले हे मंदिर आम्हा गोमंतकीयांना पंढरपूरच्या ठायी आहे. मी माशेलहून निघणाऱ्या दिंडीबरोबर खांडोळा, आमोणा आणि नावेली या वाटेने चालतो, आणि चालताना छायाचित्रे काढतो.

माझ्या छायाचित्रांत पालखी जवळजवळ नसतेच. भगव्या पताकांची रांग, पांढरे सदरे, कपाळावरचा बुक्का, डोक्यावरची तुळस, हात उंचावून नाचणारी माणसे हे सगळे डोळ्यांचे पारणे फेडणारे असते, यात शंका नाही. पण ते छायाचित्र आळंदीच्या वाटेवर काढले काय आणि आमोण्याच्या पुलावर काढले काय, पाहणाऱ्याला फरक कळत नाही. आमची दिंडी गोव्याची आहे हे ज्या गोष्टींवरून कळते, त्या सगळ्या कमरेच्या खाली, हातांच्या मुठीत आणि रस्त्याच्या कडेला असतात. मोठ्या दृश्याच्या मोहात त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, आणि वस्तू जुन्या होऊन बदलल्या की त्या कशा होत्या हे सांगणारे काहीच मागे उरत नाही. म्हणून मी मान खाली घालून चालतो.

सर्वांत आधी दिसते ती लाल किनार. गोव्याची माती जांभ्या दगडाची, त्यात लोहाचा अंश भरपूर. आषाढात ती पाण्याबरोबर रस्त्यावर वाहत येते आणि पांढऱ्या धोतराच्या, पायजम्याच्या, लुगड्याच्या काठाला चढत जाते. जो डांबरावरून चालला त्याच्या कपड्याला घोट्यापर्यंतच रंग लागतो. जो कडेने, गाड्यांना वाट देत, लहान मुलांना आतल्या बाजूला ठेवून चालला, त्याचा पायजमा पोटरीपर्यंत लाल झालेला असतो. त्या किनारीवरून कोण कुठल्या बाजूने चालले ते ओळखता येते. देशावरच्या काळ्या मातीतल्या दिंडीत हा रंग मिळणार नाही. छायाचित्रात तो तसाच उतरवणे मात्र सोपे नसते. कॅमेरा आपणहून रंगांचा तोल साधू लागला की ही लाली फिकी पडते, म्हणून तो तोल ढगाळ उजेडासाठी आधीच ठरवून ठेवावा लागतो. शिवाय चौकटीत पांढरे कापड जास्त असले की कॅमेरा त्याला करडे करून टाकतो. तिथे उजेड थोडा वाढवून घ्यावा लागतो. पावसाळी आभाळाचा उजेड मऊ असतो, सावल्या दाट पडत नाहीत, आणि बारकावे टिपायला याहून चांगला उजेड वर्षभरात मिळत नाही, असे माझे मत आहे. भिंगावरचे पाणी पुसायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणि कॅमेऱ्यावर बांधायला प्लास्टिकची पिशवी, एवढे जवळ असले की पुरते.

खांडोळ्याच्या महागणपतीला हात जोडून दिंडी पुढे निघते, तेव्हा सकाळच्या फेरीला निघालेला पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, समोरून येतो. तो सायकल बाजूला घेतो, पाय जमिनीला टेकवतो आणि भोंग्याच्या रबरी गोळ्यावरचा अंगठा उचलतो. एकादशीचा उपास असल्यामुळे आमच्यातले कोणी त्याचे पाव घेणार नाही, हे त्याला ठाऊक असते. तरी दिंडीचे शेवटचे माणूस जाईपर्यंत तो भोंगा वाजवत नाही. त्याच्या टोपलीवर निळे प्लास्टिक घट्ट बांधलेले असते आणि आतल्या गरम पावांची वाफ त्या प्लास्टिकला खालून लागून थेंब धरते. बाहेरून पावसाचे थेंब, आतून वाफेचे. त्याला विचारून मी त्या टोपलीचे छायाचित्र घेतले, आणि माझ्या दृष्टीने ते त्या दिवसाच्या वारीचेच छायाचित्र आहे.

पुलावर वारा असतो. खाली मांडवी गढूळ, तांबूस होऊन वाहते. २०१२ मध्ये खाणी बंद पडण्याआधी या पात्रातून खनिज वाहणाऱ्या बार्जेसची, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींची, रांग सतत चालायची, असे सोबतचे लोक सांगतात, आणि पुलावरून जाताना त्यांची मान अजूनही आपोआप नदीकडे वळते.

आमोण्यात बेताळाच्या देवळाच्या अलीकडे विसावा घेतला जातो. तिथे केळी, चहा, उकडलेली रताळी येतात, आणि तिथेच मला सर्वांत जास्त वेळ मिळतो, कारण त्या वेळी वाद्ये खाली ठेवलेली असतात. गोव्यातले भजन रागदारीच्या बैठकीवर उभे आहे. भजनी गायक मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने गोव्याची कला अकादमी भजनस्पर्धा घेते, आणि गावागावांतली मंडळे तिची तयारी मन लावून करतात. त्यामुळे इथल्या पखवाजाला चालतानासुद्धा सुरात राहावे लागते, आणि आषाढातली दमट हवा ते होऊ देत नाही. पखवाजवाले काका वाद्य मांडीवर घेतात, पखवाजाच्या चामडी पट्ट्यांखाली बसवलेले लाकडी गट्टे हातोडीने हलकेच ठोकून उजवी बाजू वर चढवतात, आणि मग स्टीलच्या छोट्या डब्यातून भिजवलेल्या कणकेचा गोळा काढतात. जुनी कणीक नखाने खरवडायची, बोट ओले करायचे, नवी कणीक डाव्या पुडीच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या चामड्याच्या, मधोमध दाबत कडेकडे पातळ करत न्यायची, थाप मारून ऐकायचे, चिमूटभर काढायची, पुन्हा ऐकायचे. त्या कणकेवर त्यांच्या तीन बोटांचे ठसे स्पष्ट उमटतात. पुढच्या गावापर्यंत वाजवल्यावर ते पुसले जाणार असतात.

टाळांची गोष्टही अशीच आहे. टाळ काशाचा, जिथे आघात होतो ती कड सोन्यासारखी झळाळते आणि पाठीवर मात्र हिरवट काळा थर धरलेला असतो. बाजारातून आणलेली दोरी क्वचितच कुणाच्या टाळाला उरली आहे. कुणी लुगड्याच्या काठाची पट्टी पिळून ओवली आहे, कुणी जाळे विणायचा नायलॉन धागा. एका वयस्कर माईंनी टाळ खाली ठेवले तेव्हा त्यांच्या तर्जनीवर दोरीचा वळ पांढरा उठलेला दिसला. मी विचारले, “माई, हाताचा फोटो घेऊ?” त्या म्हणाल्या, “घे बाबा, पण तोंड नको हं, उपासाने सुकलंय.” तोंड मला नकोच होते. विचारल्याशिवाय कुणाच्या हातापायाचेही छायाचित्र घेऊ नये, असे मी मानतो. चेहरा दिसत नसला तरी तो हात त्या माणसाचाच असतो. दिंडीच्या पुढे उलटे चालत, लोकांना थांबवत, पुन्हा नाचायला लावत छायाचित्रे काढणारे मला मुळीच पटत नाहीत. मंडळाच्या बुवांनी मला एकच अट घातली होती, ओळ मोडायची नाही, आणि ती पाळल्यामुळे माझे काही अडले नाही.

नावेलीच्या पुढे घरे दाटीने लागतात. जुन्या घरांच्या गडग्यांचे, म्हणजे दगडी कुंपणभिंतींचे, चिरे हाताने तासलेले असतात, त्यांच्यावर हत्याराचे तिरके, असमान घाव दिसतात आणि त्या घावांत शेवाळ, नेचे आणि लहान रोपे रुजलेली असतात. नव्या गडग्यांचे चिरे यंत्राने कापलेले. त्यांच्यावर पात्याच्या सारख्या अंतराच्या रेघा असतात आणि शेवाळही त्या रेघांनुसारच धरते. दिंडी जवळून जाते, कुणाचा ओला खांदा गडग्याला घासतो आणि तेवढ्या जागेचे शेवाळ निघते. वाहनातून जाणाऱ्याला हे दिसणे शक्य नाही. चालण्याच्या गतीलाच या गोष्टी दिसतात, आणि त्यासाठी थांबण्याची गरजही पडत नाही.

विठ्ठलापुरात पोचल्यावर कॅमेरा पिशवीत जातो. गर्दी असते, दर्शनाची रांग असते, आणि तिथे माझे काम वारकऱ्याचे असते.

दुसऱ्या दिवशी द्वादशीला माशेलमध्ये देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, होतो आणि तेव्हा सगळे पुन्हा भेटतात. नंतर मी छायाचित्रांच्या प्रती काढून ज्याची वस्तू त्याला देतो. माईंनी हाताचे छायाचित्र देवघरात लावले. पखवाजवाल्या काकांनी कणकेच्या छायाचित्राची आणखी एक प्रत मागून घेतली, कारण त्यांचा नातू पखवाज शिकतो आहे आणि कणीक मधे किती जाड आणि कडेला किती पातळ हवी, हे त्याला तोंडी सांगून समजत नव्हते.