मनीला घेऊन गगनबावडा

कोल्हापूर ते गगनबावडा जेमतेम ५५ किलोमीटर, पण आम्ही दोन दिवस लावले, कारण गाडीत मनी होती. व्हॅनची मागची सीट काढून गादी टाकलेली, कोपऱ्यात वाळूचा ट्रे. निघायच्या आधी चार तास तिला खायला दिलं नाही, मांजरांनापण गाडी लागते. कळे गावापर्यंत पिंजऱ्यात नुसती ओरडत होती बिचारी, मग माझा जुना स्वेटर आत टाकला तर त्यात नाक खुपसून गप्पच झाली.

रात्री बावड्यात एवढं धुकं की समोरचं झाड दिसेना आणि ही काचेला पंजे लावून तासभर बाहेर बघत बसलेली, काचेवर तिच्या श्वासाचा छोटा गोल उमटायचा, विरायचा. करूळ घाट उतरायचा बेत होता, पण तिच्यासाठी वळणं नकोच म्हटलं.