इलेक्ट्रिक गिटार बांधणी: नेकची खोबण झाली, ब्रिज बाकी

महोगनीची बॉडी, स्क्रूने जोडायची मॅपलची नेक (गिटारचा लांब दांडा), शिसवी फ्रेटबोर्ड (नेकवरची, बोटं ठेवायची पट्टी), २२ फ्रेट (तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, ६४७.७ मिमी.

फ्रेटच्या खाचा पाडून झाल्या. पहिली नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ३६.३५ मिमीवर, दुसरी ७०.६६ वर, बारावी बरोबर मध्यावर, ३२३.८५ वर. प्रत्येक माप नटपासूनच घेतलेलं बरं. मागच्या फ्रेटपासून पुढची मोजत गेलं, तर केसाएवढी चूक साठत साठत शेवटच्या फ्रेटपर्यंत ऐकू येण्याइतकी होते. खाच अरुंद पडली तर फ्रेट ठोकताना २२ पाचरी मारल्यासारखं होतं आणि नेक मागे वाकते.

खरा वेळ बॉडीत नेक बसवायच्या खोबणीत गेला. नेकच्या दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या टेकवून टेम्प्लेट (राउटरला वाट दाखवणारा साचा) थेट नेकवरूनच केला. आधी ड्रिलने बरंचसं लाकूड काढलं, मग राउटर (लाकूड कोरायचं यंत्र), एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त नाही. घाई केली की कोपऱ्यात आडव्या रेषांचं लाकूड ढलपीसकट उडतं. खोली १६ मिमी, नेकच्या टाचेची (खोबणीत बसणाऱ्या टोकाची) जाडी फ्रेटबोर्डसह २५.४, म्हणजे फ्रेटबोर्ड बॉडीच्या ९.४ मिमी वर राहतो. बसक्या ब्रिजला (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) एवढं पुरतं. उंच ब्रिज असेल तर खोबण उथळ ठेवा, नाहीतर नेकला कोन द्या.

काही जण स्क्रूशिवाय, नुसत्या घट्ट खोबणीच्या जोरावर, नेक धरून बॉडी उचलून दाखवतात, ते दिसायला छान. पण रंगाआधी इतकी घट्ट बसणारी नेक रंगानंतर कडेचा थर तडकवते. दोन्ही बाजूंना ०.२ मिमी मोकळे ठेवले आहेत. बॉडीतली भोकं स्क्रूपेक्षा किंचित मोठी हवीत. आटे बॉडीत अडकले तर स्क्रू कितीही आवळा, फट तशीच राहते.

ब्रिजच्या जागेवर अजून खूणसुद्धा केलेली नाही. मधली रेघ बॉडीवरून नाही, बसवलेल्या नेकवरून काढायची: दोन्ही कडांना दोरा ताणून, टोकाच्या तारा शेवटच्या फ्रेटवर कडेपासून सारख्याच आत आहेत ना, हे बघून. बारीक ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकायचा सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन ६४७.७ वर धरायचं. जाड तारांची सॅडल मागेच सरकतात, जाड ईला साधारण ३ मिमी. आणि ब्रिजखालच्या अर्थिंगच्या वायरचं भोक आधी पाडायचं, हे हमखास विसरतं.

हंबकरसाठी (दोन कॉइलचा पिकअप, तारांचा कंप पकडणारा) ५०० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करायच्या बटणांखालचे) आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. जोडणी रंगानंतर.