ऐसपैस अपडेट: वेलांटी अर्ध्यावर सोडली आणि काम झालं

ऐसपैस या माझ्या रुंद देवनागरी फॉन्टमध्ये ‘पिंपरी-चिंचवड’ जमलं एकदाचं!! मागचे अपडेट वाचलेल्यांना कळेल मी का नाचतोय.

ऐसपैसमध्ये प ची रुंदी ११८० युनिट, वळणं सगळी चौकोनी, कोपरे तेवढे गोल. आता पि काढायचा तर डावीकडच्या दांडीवरून निघालेली कमान पार प च्या कान्यापर्यंत (उजव्या उभ्या रेघेपर्यंत) न्यायची, म्हणजे वर एक लांबलचक सपाट पट्टी आणि खाली शिरोरेषा पण तशीच सपाट, तेवढीच जाड. जरा लांबून बघितलं की दोन शिरोरेषा! स्थि मध्ये तर अर्धा स पण ओलांडायचा, ती कमान नाहीच, सिंहगड रोडचा फ्लायओव्हर आहे. जाडी कमी केली तर वेलांटी आजारी दिसते, कमान वर उचलली तर ओळींमधलं अंतर वाढतं आणि डिस्प्ले फॉन्टच्या, म्हणजे मोठ्या मथळ्यांसाठीच्या फॉन्टच्या, दोन ओळी घट्ट बसल्या नाहीत तर मग मजा काय.

त्यात अक्षराच्या रुंदीवरून वेलांटीचे गट पाडा असं सगळे सांगतात, ते इथे चालत नाही. ह आणि प जवळपास सारखेच रुंद, पण ह ला काना नाही, कमान मधल्या मानेवरच टेकते, म्हणजे हिंजवडीची वेलांटी वेगळी आणि पिंपरीची वेगळी. आणि वर अनुस्वार.

या बाबतीत इटलीवाले सुटले राव. १९५२ च्या मायक्रोग्रामा या अशाच रुंद, चौकोनी फॉन्टमध्ये स्मॉल लेटर्स ठेवलीच नव्हती, नुसती कॅपिटल, स्मॉल लेटर्स फॉन्टकार आल्दो नोव्हारेसेने १९६२ ला युरोस्टाइल या त्याच्या पुढच्या फॉन्टमध्ये आणली. आपल्याला वरचा मजला (वेलांट्या, मात्रा) गाळायची सोयच नाही.

तर उपाय: कमान काना गाठतच नाही. अर्ध्यावर तिरकी कापली. वाचताना काही अडत नाही, कारण डोळा दांडी आणि वळण कुठे झुकतंय तेवढंच बघतो. आणि बोनस म्हणजे उरलेल्या जागेत अनुस्वार आरामात बसला, रफार पण! चिं, सिं, आर्थिक, कार्तिकी, सगळं एकाच उंचीत. वेलांटीचे चौदा प्रकार होते, आता तीन. प्रेस (pres) फीचरमधले लुकअप, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठली वेलांटी हे सांगणारे फॉन्टमधले नियम, बघून डोळे निवले.

सगळं फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्येच चाललंय, ग्लिफ्स हे दुसरं सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं आणि मॅक घेण्याइतका हा छंद अजून पेटलेला नाही. ए-थ्री प्रिंट मात्र अप्पा बळवंत चौकातच काढा, आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला टोनर इतका पसरवतो की अनुस्वार नि कमान एकच होतात.

पुढे ठळक वजन (बोल्ड) करणार होतो, पण हे लिहितानाच डोक्यात आलं, शिरोरेषाच उडवली तर? म्हणजे कमान खाली त्याच उंचीवर आणायची, वेलांटी आली की तेवढाच तुकडा शिरोरेषेसारखा दिसेल. गुजरातीत शिरोरेषेशिवाय चालतंच की. ख मात्र तेव्हा रव वाचला जाईल ही धास्ती आहे, खालचा जोड जरा दणदणीत करावा लागेल. ठळक वजन गेलं दिवाळीनंतर, आज रात्री खडकी आणि खडकवासला काढून बघतो.